एक कपाट रहस्यकथांसाठी

पाठ्यपुस्तकाच्या आड ‘झुंजार’ किंवा ‘काळा पहाड’ लपवून वाचल्याची कबुली आपले कित्येक प्राध्यापकही खाजगीत देतील. मग चारचौघांत नाके का मुरडायची? बाबूराव अर्नाळकरांनी (१९०६–१९९६) हजारावर रहस्यकथा लिहिल्या. आपल्या ग्रंथालयात त्यांतली एकही नाही!

ही पुस्तके जपली ती समीक्षकांनी नव्हे, वाचकांनी. इंद्रजाल कॉमिक्स १९९० साली बंद पडले. तरी वेताळाचे जुने अंक चाहते आजही एकमेकांना शोधून देतात. या वेडाला उथळ कसे म्हणावे? परीक्षेसाठी नव्हे, निव्वळ आवडीसाठी वाचणारे आपल्यात आहेत तरी किती?

सर्वच रहस्यकथा अक्षरवाङ्मय आहेत, असे माझे म्हणणे नाही. पण उंबऱ्याबाहेर कोणाला ठेवायचे, हे आधीच कोणी ठरवावे? विज्ञानकथाही एकेकाळी बाहेरच होती. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला टोपणनावाने कथा पाठवणारे जयंत नारळीकर २०२१ साली नाशिकच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले.

ग्रंथपालांनी एक कपाट द्यावे. ते भरण्याचे काम आम्हां विद्यार्थ्यांवर सोपवावे. लपवून वाचलेले पुस्तक मित्राला उघडपणे देता यावे, एवढेच मागणे.