पुरात नेमके किती गेले?

31 ऑगस्ट 2021 रोजी डोंगरी आणि तितूर नद्यांचे पाणी चाळीसगावच्या बाजारपेठेत आणि वस्त्यांत शिरले. त्याच दिवशी कन्नड घाटात दरडी कोसळल्या. पाणी ओसरल्यावर नेहमीप्रमाणे पंचनामे सुरू झाले.

पंचनाम्यातला आकडा म्हणजेच नुकसान, असे आपण धरून चालतो. तसे नाही. त्याच वर्षी जुलैच्या महापुरासाठी सरकारने ठरवलेला निकष पाहा. दुकानदाराला नुकसानीच्या 75 टक्के, पण जास्तीत जास्त 50,000 रुपये. टपरीला जास्तीत जास्त 10,000. तेही धंदा अधिकृत असेल आणि मतदार यादीत, रेशन कार्डावर नाव असेल तर. म्हणजे दोन लाखांचे कापड भिजलेला दुकानदार मदतीच्या बेरजेत 50,000 चा होतो. परवाना नसलेली हातगाडी शून्य.

मदतीला मर्यादा असते, हे समजू शकते. पण हीच बेरीज पुढे ‘नुकसान’ म्हणून वापरली गेली, तर नाला रुंद करायचा का, संरक्षक भिंत कुठे बांधायची, हे ठरवताना खर्च पूर्ण धरला जातो आणि वाचणारे नुकसान अर्धवट. मग आपल्या वस्तीचे काम ‘परवडत नाही’.

शिवाय बुडालेली कमाई कोणी मोजत नाही. पांझरेच्या पुराने धुळ्यातला लूम चार दिवस बंद राहिला, तर यंत्र शाबूत असते, कामगाराची मजुरी गेलेली असते. केरळच्या 2018 च्या पुरानंतर दोन्ही गोष्टी वेगळ्या मोजल्या गेल्या. मोडतोड सुमारे 10,500 कोटींची होती, बुडालेले उत्पन्न सुमारे 16,000 कोटींचे.

मदतवाटपात आपली पोरे मागे नसतात. मशिदीत खिचडी शिजते, किट घरोघर जातात. पण त्या यादीत कोणाला काय दिले एवढेच असते. कोणाचे काय गेले, हे नसते. त्याच फेरीत चार गोष्टी जास्त विचारता येतील: काय भिजले, धंदा किती दिवस बंद, रोजची कमाई किती, कर्ज किती काढले. आणि भिंतीवरची पाण्याची खूण टेपने मोजून फोटो काढा. कोणत्या उंचीला साधारण किती नुकसान झाले हे कळले, की कुलूप लागलेल्या घरांचाही अंदाज बांधता येतो. यासाठी अ‍ॅप लागत नाही, हे मी सॉफ्टवेअरवाला असूनही सांगतो. मराठी-उर्दूतला एक पानी फॉर्म पुरे. तो पावसाळ्याआधी छापून ठेवा. भरलेल्या फॉर्मची एक प्रत तहसील कार्यालयात, एक नगरपालिकेत किंवा महापालिकेत द्या आणि दोन्हीकडून पोच घ्या.