इमारतीला दोन लिफ्ट कशासाठी?

करमाळ्याकडची माणसे रेल्वेने मुंबई-पुण्याला जायची ती जेऊर स्टेशनवरून. आमच्या तीन पिढ्या याच फलाटावरून पोटासाठी गेल्या. कुणी गिरणीत लागला, कुणी गोदीत, कुणी नगरपालिकेच्या सफाई खात्यात. माझी आक्का लग्नानंतर पुण्याला गेली आणि वीस वर्षे चार घरची धुणीभांडी करून तिने पोराला शिकविले. आज तो पोरगा, म्हणजे माझा भाचा, कंपनीत नोकरीला आहे. गेल्या सुट्टीत तो जेऊरला आला तेव्हा त्याच्या हातात फ्लॅटचे गुळगुळीत रंगीत माहितीपत्रक होते.

"मामा, ही बघा स्कीम. बावीस मजले, पोडियमवर बाग, क्लबहाऊस, जिम, सगळं आहे."

मी नकाशा पाहिला. एका कोपऱ्यात बारीक अक्षरात छापले होते, 'घरकामगारांसाठी स्वतंत्र लिफ्ट'. सोयींच्या यादीत! मी ते आक्काला वाचून दाखविले. ती शांतपणे म्हणाली, "मी जाते तिथं पण असंच हाय. पुढच्या लिफ्टमध्ये आमाला घेत न्हाईत. मागची बंद पडली की जिन्यानं जायचं."

बांधवांनो, ज्या लिफ्टमध्ये आईला पाय ठेवू दिला जात नाही, ती लिफ्ट पोरगा कर्ज काढून विकत घेतो आहे. हा दोष पोराचा नाही. पण या नकाशाचा विचार आपण करायला हवा की नको?

इमारतीचा आराखडा म्हणजे फक्त विटा-सिमेंटचा हिशेब नसतो. कोण कुठून येणार, कोण कुणाला भेटणार आणि कोण कुणाच्या नजरेआड राहणार, हे त्यात ठरलेले असते. गावाचाही आराखडा होताच. वेशीच्या आत कोण, बाहेर कोण, पाणवठा कुणाचा कुठे, हे कागदावर काढलेले नव्हते, पण प्रत्येकाला पाठ होते. म्हणूनच ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी खेड्याचे गोडवे गाणाऱ्यांना खडे बोल सुनावले आणि खेडे नव्हे, तर व्यक्ती हा घटक मानल्याबद्दल समाधान व्यक्त केले. मुंबईतील जुन्या इमारतींच्या मागच्या बाजूला लोखंडी गोल जिने असत. संडास साफ करणाऱ्याने घरात पाऊल न टाकता परस्पर वर चढावे आणि परस्पर उतरावे, यासाठी ती सोय होती. तो जिना आता गंजला. त्याच्या जागी स्टीलची चकचकीत लिफ्ट आली. काढणाऱ्याची पेन्सिल बदलली, डोके बदलले नाही.

सामान नेण्यासाठी वेगळी लिफ्ट असावी, याला कुणाचा विरोध नाही. कपाटे, सिलेंडर, रुग्णाचे स्ट्रेचर यांना मोठी लिफ्ट लागतेच. पण माणसाला सामानाच्या रांगेत उभे करणे ही सोय नव्हे. हा विटाळ आहे.

याचा अर्थ जुने ते सारे सोने होते, असा नाही. चाळीचे गोडवे आम्ही गाणार नाही. प्लेगनंतर १८९८ साली इम्प्रुव्हमेंट ट्रस्ट आला आणि त्याने बीआयटी चाळी बांधल्या. त्यातल्याच परळच्या चाळीत दोन खोल्यांमध्ये बाबासाहेबांनी आयुष्यातली उमेदीची वर्षे काढली. तेथून ते दादरला राजगृहात गेले, तेव्हा त्या घरात त्यांनी ग्रंथांना मानाची जागा दिली. १९२० नंतर बीडीडी चाळी उभ्या राहिल्या. १६० चौरस फुटांची खोली आणि मजल्यावर सामाईक संडास. सकाळी बादली घेऊन रांगेत उभे राहिलेल्या बाईला विचारा चाळ किती गोड होती ते. पण त्याच चाळींत दारासमोर दार होते. एका घरातले भाषण चार घरांत ऐकू जाई. जयंतीची वर्गणी, रात्रीची अभ्यासिका, मोर्चाची तयारी हे सारे त्या मार्गिकांत आणि चाळीपुढच्या मैदानात घडले. १९७४ च्या जानेवारीत वरळीत दंगल पेटली तेव्हा पँथरचे पोरगे याच चाळींत उभे ठाकले. चळवळीला जागा लागते, हे विसरू नका.

आता वरळीच्या बीडीडी चाळींच्या जागी चाळीस मजली मनोरे उभे राहत आहेत. १४ ऑगस्ट २०२५ रोजी पहिल्या ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या. घरात संडास आला, उजेड आला. हा त्या लोकांचा हक्कच होता, उपकार नव्हे. पण चाळिसाव्या मजल्यावरच्या म्हाताऱ्या आजीला शेजारीण कुठे भेटणार? पोरांना अभ्यासाला जागा कुठे? लिफ्टचा आणि देखभालीचा खर्च पुढे कोण सोसणार? हे प्रश्न चावी घेतानाच विचारायचे असतात.

कारण गरिबांसाठीचा आराखडा कसा असतो, हे मुंबईने पाहिले आहे. झोपडपट्टी पुनर्वसनात घर २२५ चौरस फुटांचे होते, पुढे २६९ झाले, मग ३०० झाले. फूट वाढले, पण इमारतींमधली जागा आकसली. मानखुर्द-गोवंडीकडच्या लल्लुभाई कंपाउंड आणि नटवर पारेख कंपाउंड या वसाहतींत तर दोन इमारतींमधून ऊन खाली उतरत नाही. तेथील क्षयरोगाचा आणि कोंदट घरांचा संबंध २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने दाखवून दिला. एकाच शहरात श्रीमंतांच्या मनोऱ्याला पोडियमवर बाग आणि गरिबांच्या मनोऱ्याला क्षय! दोन्ही नकाशे सरकारी मंजुरीनेच उभे राहतात.

आपल्या जिल्ह्यात वेगळे उदाहरण आहे. सोलापूरजवळ कुंभारीत विडी कामगार स्त्रियांसाठी दहा हजार घरांची गोदूताई परुळेकर वसाहत उभी राहिली. त्यानंतर तेथेच असंघटित कामगारांसाठी तीस हजार घरांचे रे नगर आले. त्यातील १५ हजार घरे १९ जानेवारी २०२४ रोजी कामगारांना मिळाली. या घरांमागे नरसय्या आडम मास्तर आणि कामगारांचा लढा आहे. रे नगरच्या इमारती तळमजला अधिक दोन मजल्यांच्या आहेत, म्हणजे लिफ्टचा प्रश्नच नाही. आमचे आणि लाल झेंड्याचे मतभेद असतील, पण संघटित झाल्याशिवाय घर मिळत नाही, हा धडा घेण्यासारखा आहे. एक गोष्ट मात्र तिथेही पाहावी लागेल. विडी कामगार बाईचे घर हाच तिचा कारखाना असतो. तंबाखूची धूळ उडते. तिला वाऱ्याचा ओटा हवा, चार बायकांनी मिळून बसण्याची पडवी हवी. बंद खोलीत ती धूळ पोरांच्या छातीत जाते. राहणारा काय काम करतो, हे ज्याने विचारले नाही, त्याने घर काढले नाही, कोठार काढले.

हे जमत नाही असे कुणी म्हणू नये. ऑस्ट्रियातील व्हिएन्ना शहराने १९३० साली कामगारांसाठी कार्ल मार्क्स होफ बांधले. तेराशेहून अधिक घरे, त्यासोबत धुलाईघर, बालवाडी, ग्रंथालय, दवाखाना. बहुतेक जमीन बागेसाठी मोकळी ठेवली. जवळपास शंभर वर्षे झाली, लोक अजून तिथे राहतात.

आणि घर बांधून भागत नाही. दार कुणासाठी उघडते, हाही प्रश्न आहे. २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेला सभासदत्व आपल्याच समाजापुरते ठेवण्याची मुभा दिली. २०१५ साली डॉ. सुखदेव थोरात आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासाने दिल्ली परिसरात दलित आणि मुस्लिम भाडेकरूंना कशी घरे नाकारली जातात, ते दाखविले. आडनाव विचारले जाते, मांसाहार विचारला जातो. वेस आता गेटवर येऊन उभी आहे आणि तिला पहारेकरी आहे. तो पहारेकरीही बहुधा आपलाच असतो!

म्हणून आपल्या शिकलेल्या पोरांना सांगणे आहे. फ्लॅट जरूर घ्या. गावकुसाबाहेरून बाविसाव्या मजल्यावर जाणे ही लहान गोष्ट नाही. पण नकाशा वाचायला शिका. पुनर्विकासाची सभा असेल तर दोन इमारतींतले अंतर विचारा, प्रत्येक खोलीत ऊन येते का ते विचारा, क्लबहाऊसआधी अभ्यासिका मागा. वास्तुरचना शिकणाऱ्या आपल्या मुलामुलींनी वस्तीत येऊन हे नकाशे लोकांना समजावून द्यावेत.

भाच्याला मी एवढेच म्हणालो, "घे घर. पण सोसायटीच्या पहिल्या सर्वसाधारण सभेत उभा राहा आणि ठराव मांड, की माणसांसाठी इथे सगळ्या लिफ्ट खुल्या राहतील. हरलास तरी इतिवृत्तात नोंद होऊ दे."

तो थोडा वेळ गप्प बसला. मग आक्काकडे बघून म्हणाला, "गृहप्रवेशाला आई पुढच्याच लिफ्टने येईल."

आक्का म्हणाली, "मी एकटी न्हाई येणार. माझ्याबरूबर काम करणाऱ्या बायकाबी येतील."

ठराव असाच मांडायला हवा. जयभीम!