मोहिनीराजाच्या मुलखात

नेवाशाच्या मोहिनीराज मंदिरात विष्णूची पूजा स्त्रीरूपात होते, आणि त्याच नेवाशात १२९० साली ज्ञानेश्वरी सांगणाऱ्या पुरुषाला वारकरी पिढ्यान्‌पिढ्या ‘माउली’ म्हणत आले. म्हणूनच याच जिल्ह्यातल्या एखाद्या घरात आठ-दहा वर्षांच्या मुलाने बहिणीचा परकर मागितला की जो गहजब होतो, तो परंपरेच्या नावाने व्हावा, हे इतिहासाला धरून नाही.

१४९० मध्ये याच मुलखात उभ्या राहिलेल्या निजामशाहीच्या चित्रांत पुरुष झिरझिरीत मलमलीचे जामे घालून दिसतात. पेशवाईतल्या सरदारांच्या कानांत मोत्यांची भिकबाळी असे, आणि आज तीच मर्दानीपणाची खूण म्हणून मिरवली जाते. पुरुषी पेहराव असा प्रत्येक राजवटीत बदलला, आणि दर वेळी नवा पेहराव जणू अनादी काळापासूनचा असल्याची ग्वाही दिली गेली. मुलगे जगत नसत त्या घरांत नव्या बाळाचे नाक टोचून, त्याला मुलीसारखे नटवून ‘नथू’ म्हणण्याची चाल होती; सटवीची किंवा यमाची नजर चुकवायची तर आईबापांना मुलाच्या नाकात नथ चालत होती.

कपड्यांचा फौजदारी गुन्हा झाला तो इंग्रजी अमलात. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने ‘नपुंसक’ म्हणून नोंदवलेला पुरुष बायकी वेषात रस्त्यावर दिसला, तर त्याला दोन वर्षांपर्यंतची कैद ठेवली होती. अंमल मुख्यतः उत्तरेत झाला. बायकी वेषात गुन्हा पाहणारी ती नजर मात्र आपण सर्वत्र सांभाळून ठेवली, असे मला वाटते.

आपला दुटप्पीपणा खरा उघडा पडतो तो तमाशाच्या फडावर. संगमनेरजवळच्या हिवरगावची पवळा शाहीर पठ्ठे बापूरावांबरोबर उभी राहीपर्यंत तमाशातली बाई म्हणजे लुगडे नेसून, चाळ बांधून नाचणारा नाच्या पोऱ्याच. रात्री त्याच्यावर दौलतजादा उधळणारेच दिवसा त्याला ‘बायल्या’ म्हणून हिणवत. पांढरपेशांनी हेच जरा अदबीने केले: १९०५ मध्ये किर्लोस्कर नाटक मंडळीत आलेल्या बालगंधर्वांच्या साड्या-दागिन्यांची नक्कल घरंदाज स्त्रिया करत, पण आपला मुलगा स्त्रीपार्टी व्हावा असे किती घरांना वाटले असेल?

देवाची लीला, मरणाची भीती, प्रेक्षकांची करमणूक ही सारी कारणे आपण मान्य केली. ‘मला आवडते’ हे कारण तेवढे कधी चालले नाही.

चौंडीच्या अहिल्याबाईंनी राज्य चालवले म्हणून २०२४ मध्ये या जिल्ह्याला त्यांचे नाव मिळाले, आणि ते योग्यच झाले. मुलीने पुरुषांचे काम केले, शर्ट-पँट घातली, तर ‘आमचा मुलगाच तो’ असे कौतुक होते. मुलाला लाजवायचे असेल तर मात्र ‘हातात बांगड्या भर’ म्हणायचे. बाईपण ही खालची पायरी समजल्याशिवाय ही शिवी तयारच होत नाही.

२०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तृतीयपंथीयांच्या हक्कांचा निवाडा देताना पोशाखातून व्यक्त होणे हा अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा भाग मानला. घरातला बाप निकालपत्र वाचत नाही. वर्गात मुलाचा छळ होईल, ही त्याची धास्ती खोटीही नाही. पण शाळेच्या गॅदरिंगला नऊवारी नेसून लावणी करणाऱ्या मुलाला ‘वन्स मोअर’ देणारे पालक आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या नखांवर राहिलेले नेलपॉलिश पाहून फिदीफिदी हसणारे पालक हे एकाच गावचे असतात, आणि बापाला भीती त्यांचीच आहे.