गाठ कुठे लागते, ते बोट ठेवून सांगा

मंडळी, आदिलाबादच्या आपल्या जुन्या मराठी घरांत स्तन हा शब्द कुणी उच्चारत नसे. "अंगावर काहीतरी उठलंय," एवढंच बाई जावेच्या कानात सांगायची, आणि ते पुरुषमाणसांपर्यंत पोचेस्तोवर वर्ष सरायचं. तेव्हा तपासणीच नव्हती म्हणा. आता गावात सोनोग्राफी आहे, २००८ पासून रिम्स आहे. पण लाज तीच, वर भाषेची अडचण.

गुळगुळीत काठाची, आडवी गाठ बहुतेक साधी निघते. रुंदीपेक्षा उभी, काठ वेडेवाकडे, मागे काळी सावली, अशी असली तर संशय. पण काही वेळा गाठ म्हणून काही दिसतच नाही. एखाद्या भागाची वीण नुसती बिघडलेली, एखादी नळी फुगलेली. उलट साधी चरबीसुद्धा गाठीसारखी भासते. मग डॉक्टर दुसऱ्या बाजूचा तोच भाग ताडून बघतात, आणि हाताला जिथं लागतं तिथं प्रोब ठेवतात. ती जागा सांगणार कोण? बाईच ना! ती पदर सावरत "इथंच कुठंतरी" म्हणते, प्रश्न तेलुगूत येतात, आणि मुलगा बाहेर मोबाइल बघत बसलेला.

माझं स्पष्ट मत आहे, आत सोबत तेलुगू येणारी बाई हवीच. लेक, सून, शेजारीण, कुणीही. 'गड्ड' एवढं आपल्या सगळ्यांनाच येतं हो, पण कधीपासून आहे, पाळीआधी दुखते का, कातडी ओढली जाते का, बोंडातून रक्त येतं का, हे कुणी सांगायचं?

रिपोर्टात 'बायरॅड्स ३' असेल तर कर्करोगाची शक्यता २ टक्क्यांहून जास्त नाही, पण ६ महिन्यांनी पुन्हा तपासणी. आपल्याकडे तो कागद नॉर्मल समजून फडताळात जातो. ४ असेल तर सुईने तुकडा काढून तपासायचा. सुईने रोग पसरतो म्हणून घाबरून घरी बसू नका.

आणि रिपोर्ट साफ, पण हाताला गाठ लागतेच, तर पुन्हा दाखवा. मुंबईत टाटा हॉस्पिटलनं १९९८ पासून दीड लाख बायांचा अभ्यास केला. शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविकांनी नुसत्या हातानं तपासलं, तरी पन्नाशीपुढच्या बायांत या रोगानं होणारे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी झाले.

नागपूरला जा की हैदराबादला, जुनी फिल्म आणि रिपोर्ट पिशवीत घ्याच. मागच्या वेळेपेक्षा गाठ वाढली का, हे त्यावरूनच कळतं.