‘पेशंटने सांगितलंच नाही!’

‘पेशंटने एचआयव्हीचं सांगितलंच नाही, आम्ही काय करणार?’ डॉक्टरांची ही सबब मला मान्य नाही. भोंगवली काय, भोर काय, दवाखान्यात चार माणसांसमोर मोठ्याने विचारलंत तर कोण सांगेल?

सरकारी कार्यक्रमात सेकंड लाइन उपचार २००८ साली मुंबईच्या जे.जे. आणि चेन्नईच्या तांबरम रुग्णालयात सुरू झाले. त्यांचा कणा होता प्रोटिएज इनहिबिटर. विषाणू आपली प्रथिनं लांब साखळीत बनवतो आणि प्रोटिएज नावाच्या कात्रीने कापतो. हे औषध ती कात्री अडवतं. मग तयार होणारे विषाणू अर्धवट राहतात, संसर्ग करू शकत नाहीत.

अटाझानावीर ३०० मिलिग्रॅमसोबत रिटोनावीर १०० मिलिग्रॅम देतात, ते विषाणू मारायला नव्हे. ते यकृतातलं एक एन्झाइम रोखतं, त्यामुळे अटाझानावीर रक्तात टिकतं. खरी गोम इथेच आहे. त्याच एन्झाइमने इतर औषधंही मोडतात. गुडघ्यात टोचलेलं ट्रायमसिनोलोन मग अंगात साचतं. चेहरा सुजतो, साखर वाढते, अ‍ॅड्रिनल ग्रंथी मंदावते. अर्धशिशीवरच्या अर्गोटामाइनने हातापायांचा रक्तपुरवठा तुटू शकतो. टीबीचं रिफॅम्पिसिन उलट अटाझानावीरच संपवतं. आणि आपण प्रत्येक चिठ्ठीवर सवयीने खरडतो ते पॅन्टोप्राझोल? अटाझानावीर विरघळायला पोटात आम्ल लागतं!

एचआयव्ही कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. उपचारात भेदभाव करता येत नाही. तेव्हा वाचकहो, या गोळ्या चालू असतील तर त्यांची नावं कागदावर लिहून डॉक्टरांच्या हातात द्या, इंजेक्शन टोचून घेण्याआधी.