भूकंपापूर्वीचे घर

११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे चार वाजून एकवीस मिनिटांनी कोयनानगर हादरले आणि त्या धक्क्याने थेट मुंबई-पुण्याचे लोक अंथरुणातून उठून रस्त्यावर आले. सुमारे १८० माणसे दगावली. दख्खनचा काळा पत्थर अढळ आहे, भूकंप व्हावयाचे ते हिमालयात नाहीतर जपानात, ही आपली शालेय समजूत त्या पहाटे कायमची संपावयास हवी होती. ती संपली नाही. जेमतेम सव्वीस वर्षांनी, ३० सप्टेंबर १९९३ रोजी, गणेशविसर्जन आटोपून माणसे गाढ झोपी गेलेली असताना किल्लारी-सास्तूरच्या परिसरात घरेच्या घरे कोसळली व आठ ते दहा हजार जीव मातीखाली गेले. आज कोयनेच्या त्या पहाटेचा स्मरणदिन आहे. परंतु पहिल्या पानावर आम्ही हे लिहीत आहोत ते श्रद्धांजलीसाठी नव्हे. प्रत्येक वाचकाने आज स्वतःच्या घरातून एक फेरी मारावी, एवढ्याचसाठी हा प्रपंच आहे.

भूकंपाचा दिवस व घटका सांगणारे शास्त्र जगात कोठेही नाही. ग्रहगतीवरून तारखा वर्तविणारे व त्या मोबाइलवरून घरोघर पोहोचविणारे पुष्कळ आहेत. त्यांचे अज्ञान आपल्याला परवडेल, पण त्यांनी निर्माण केलेली भीती दोन दिवसांत ओसरली की मागे जी बेफिकिरी उरते, ती परवडणारी नाही. किल्लारीच्या परिसरात १९९२ सालापासूनच लहान धक्के जाणवत होते. माणसाला सवय कशाची होत नाही? शिवाय त्या वेळच्या सरकारी नकाशात हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या, पहिल्या विभागात होता. २००२ साली नकाशा सुधारण्यात आला तेव्हा तो पहिला विभागच रद्द झाला. आपले गाव निर्धोक आहे असे म्हणण्याची सोय त्या दिवशी भारतात कोणालाच उरली नाही.

भूकंप सहसा माणसाला मारीत नाही, घर मारते. किल्लारीच्या घरांच्या भिंती दोन-तीन फूट जाडीच्या होत्या, आणि त्या जाडीचा घरमालकांस अभिमान असे. परंतु आत नुसते ओबडधोबड दगड आणि त्यांना धरून ठेवावयास चिखल. वर मातीचे जड धाबे. ते गळू नये, ऊन लागू नये, म्हणून त्यावर आणखी मातीचे थर. ज्या भारदस्तपणावर विसंबून माणसे निर्धास्त झोपली, तोच त्यांच्या अंगावर आला.

शहरातील सुशिक्षितांनी यावर हळहळून स्वतःस वेगळे समजण्याचे कारण नाही. आपले भारदस्तपण निराळे, एवढेच. पलंगाच्या उशाशी भिंतीला न जखडलेले सहा फुटी लोखंडी कपाट असते. त्यावर बॅगा, बॅगांवर दिवाळीचे डबे. डोक्यावरील माळ्यावर पितळेची पातेली आणि जुन्या पुस्तकांची ट्रंक. दाराच्या वाटेतच चपलांचे कपाट, ते आडवे पडले की दार उघडणे बंद. आम्ही स्वतः किती वर्षे अशा एका ट्रंकेखाली मस्तक ठेवून झोपत आलो, याचा हिशेब गेल्या आठवड्यात केला तेव्हा खजील झालो. सुताराला बोलावून कपाट वरच्या बाजूस लोखंडी पट्ट्यांनी भिंतीशी स्क्रूने जखडणे, जड वस्तू खालच्या फळीवर आणणे, पलंग खिडकीच्या काचेपासून व माळ्याखालून दूर सरकविणे, हे एका दुपारचे काम आहे. खर्च एका सहकुटुंब नाटकाइतकाही येत नाही.

दुसरी गोष्ट घरातील सर्वांनी एकत्र बसून ठरविण्याची. आम्ही शिक्षकी पेशात असताना भूकंपाची व्याख्या गुणांसाठी पाठ करून घेत असू. धरणी हलू लागली तर वर्गात कोठे बसावे, हे मात्र आम्ही एकाही मुलास सांगितले नाही. सिमेंटच्या इमारतीत वरच्या मजल्यावर राहणाऱ्याने जिन्याकडे किंवा लिफ्टकडे धावू नये. भक्कम टेबलाखाली शिरून त्याचा पाय घट्ट धरावा, अंथरुणात असल्यास तेथेच उशीने डोके झाकावे. जुन्या दगडमातीच्या वाड्यात तळमजल्यावर, दार हाताशी आणि पुढे मोकळे अंगण असेल, तर बाहेर पडणे बरे; पण पुढे अरुंद बोळ असेल, तर वरून कौले व कठडे त्याच बोळात पडावयाचे. तेव्हा आपल्या घराला कोणता नियम लागू, हे ज्याचे त्याने आजच ठरवावे. आजीला कोणी धरावयाचे, गॅस कोणी बंद करावयाचा, फाटाफूट झाल्यास कोणत्या मैदानात जमावयाचे आणि परगावच्या कोणत्या नातेवाइकाकडे निरोप ठेवावयाचा, हेही बोलून ठेवावे. पलंगाखाली चपला व बॅटरी असावी, कारण अंधारात फुटलेल्या काचांवर अनवाणी पावले पडतात. माणशी रोज तीन-चार लिटर या हिशेबाने तीन दिवसांचे पाणी आणि नित्याची औषधे, एवढे असले तरी पुष्कळ झाले.

मात्र सारे कपाटांवरच भागत नाही. २६ जानेवारी २००१ रोजी सकाळी भूकंप झाला तो कच्छात. पण दोनशेहून अधिक किलोमीटरवरच्या अहमदाबादेत नव्या बहुमजली इमारती जमीनदोस्त झाल्या. त्यांतील अनेक इमारतींचा तळमजला वाहनांसाठी मोकळा सोडलेला होता. वरचे मजले भिंतींनी ताठ आणि खाली नुसते खांब, अशी रचना हादऱ्यात नेमकी खांबांशी मोडते. असे खांब हिशेबाच्या अडीचपट बळासाठी बांधावेत, असा नियम २००२ च्या मानकात आला. त्यापूर्वीच्या इमारतींचे काय, हे त्यांच्या सभासदांनीच विचारावयाचे आहे. मोटारीला जागा व्हावी म्हणून खांब तासणारे, दिवाणखाना ऐसपैस व्हावा म्हणून भिंत पाडणारे सभासद आपल्या ओळखीत नाहीत काय? शेजाऱ्याच्या संसारास आपण हात घालीत आहोत, हे त्यांच्या ध्यानीही नसते.

गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे पंधरा ते तीस वर्षांच्या इमारतीची संरचनात्मक तपासणी दर पाच वर्षांनी आणि त्याहून जुन्या इमारतीची दर तीन वर्षांनी करावयाची असते. पुष्कळ ठिकाणी ती गळती व गंज पाहण्यापुरतीच होते. तळमजल्याचे खांब भूकंपात टिकतील काय, हा प्रश्न अभियंत्याला वेगळा आणि लेखी विचारावा लागतो.

आमच्या संस्थेच्या पुढील सभेपुढे दोन विषय आहेत: बाहेरचे रंगकाम आणि पाहुण्यांच्या गाड्या. तिसरा विषय घ्यावा, असे पत्र आम्ही काल चिटणिसांच्या हाती दिले. रंगकाम वर्षभर लांबणीवर पडेल, अशी त्यांची कुरकुर आहे.