दाखल नोंदवही आणि भाड्याची संहिता

मुंबई-नाशिक महामार्गावर, भिवंडी तालुक्यातील मानकोली परिसरात गोदामांच्या रांगा उभ्या आहेत. घरबसल्या मागवलेला बराचसा माल मुंबई-ठाण्यात जातो तो या पट्ट्यातून. त्यात पुस्तक असते, तसे पुस्तक वाचण्याचे यंत्रही असू शकते. छापील प्रत गोदामातून निघाली की तिच्यावरील विक्रेत्याचा ताबा संपतो. यंत्र निघाले, तरी त्यातील संहितेवरचा ताबा विक्रेत्याकडेच राहतो. ग्रंथालयांनी 'नव्या युगाला सामोरे जावे' असा उपदेश करणाऱ्या परिसंवादांत हा भेद क्वचितच उच्चारला जातो. तेथे सज्जता म्हणजे संगणकांची खरेदी, दुर्मिळ ग्रंथांचे स्कॅनिंग आणि उद्घाटनाचे छायाचित्र.

ही समजूत मुळातच चुकीची आहे. ग्रंथालयात आलेल्या प्रत्येक प्रतीला दाखल नोंदवहीत क्रमांक मिळतो आणि त्या क्षणापासून विशिष्ट आवृत्तीची विशिष्ट संहिता संस्थेची होते. परवान्याने मिळणाऱ्या ई-पुस्तकाची नोंद कशी करावयाची? अमेरिकेत 2011 साली हार्पर कॉलिन्स या प्रकाशनसंस्थेने ग्रंथालयांना दिलेले ई-पुस्तक सव्वीस वेळा देऊन झाले की परवाना संपेल, अशी अट घातली. ही खरेदी नव्हे, भाडे आहे. 2009 साली अ‍ॅमेझॉनने हक्कांच्या वादातून ऑर्वेलची 'नाइन्टीन एटी-फोर' वाचकांच्या किंडलमधून परस्पर काढून घेतली, हे तर सर्वश्रुत आहे. (पुस्तकाची निवड नियतीने केली असावी.)

संहितेच्या अभ्यासकाला याहून गंभीर वाटावी अशी गोष्ट 2023 साली घडली. रोआल्ड डाल यांच्या बालपुस्तकांतील शब्द बदलण्यात आले आणि आधी विकत घेतलेल्या ई-प्रतींतही ते बदल आपोआप उतरल्याचे वाचकांच्या लक्षात आले. मर्ढेकरांच्या 1947 सालच्या 'काही कविता'वर अश्लीलतेचा खटला झाला. त्यातून ते निर्दोष सुटले. त्या काळी कवितासंग्रह अशा यंत्रात असता, तर खटल्याच्या धाकाने एखादी ओळ रातोरात बदलली गेली असती आणि पाठभेदाची खूणही उरली नसती. पाठचिकित्सेला साक्षीदार लागतात. आवृत्त्या जपणारे ग्रंथालय हा तिचा मुख्य साक्षीदार आहे.

यावर 'मराठीत वाचनयंत्रे वापरतो कोण?' असे विचारले जाते. किंडलवर मराठी पुस्तकांची अधिकृत सोय 2016 च्या डिसेंबरात झाली. मराठी प्रकाशक ई-आवृत्त्या काढतात, त्यांपैकी काही छापील रूपात येतच नाहीत. त्या कोण जपणार? 1954 चा ग्रंथप्रदान कायदा छापील ग्रंथाला डोळ्यांपुढे ठेवून झाला. महाराष्ट्राचा 1967 चा सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमही त्याच काळातला. स्वामित्वहक्क कायद्यातील 2012 च्या दुरुस्तीने विनानफा सार्वजनिक ग्रंथालयाला जतनासाठी संहिता इलेक्ट्रॉनिक रूपात साठविण्याची मुभा दिली; पण त्या कृतीची छापील वा तत्सम प्रत मुळात संग्रही असेल तरच. केवळ ई-रूपात जन्मलेले पुस्तक या मुभेबाहेर राहते. आणि जी मुभा आहे तिचा लाभ किती ग्रंथालयांनी घेतला, हे परिसंवादांत कोणी विचारत नाही.

लिपीचा प्रश्न तर तंत्रज्ञांवर सोपवून सारे मोकळे झाले आहेत. युनिकोडमध्ये देवनागरी 1991 पासून आहे. तरीही मराठीतील पुष्कळ अक्षरजुळणी पुढे दीर्घकाळ खासगी फाँटांत होत राहिली. तिचे रूपांतर करताना 'आचाऱ्याला' दिलेली दक्षिणा सहज 'आचार्याला' मिळते आणि 'दऱ्या' ओलांडणारा नायक 'दर्या' ओलांडतो. येथे अर्थच बदलतो, त्यामुळे याला मुद्रणदोष म्हणून सोडून देता येत नाही. असा पाठ एकदा यंत्रात शिरला की पुढच्या प्रबंधात तोच प्रमाण म्हणून उद्धृत होणार. तो मूळ आवृत्तीशी ताडून पाहण्याचे काम मराठी विभागांचे आहे. ते आजवर कोणत्या विद्यापीठाने पदव्युत्तर अभ्यासक्रमाचा गाभा मानले?

कल्याणचे सार्वजनिक वाचनालय 1864 चे, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय 1893 चे. मानकोलीच्या दोन्ही बाजूंच्या या जुन्या संस्थांना यंत्रांची खोकी पाठविण्याआधी शासनाने प्रकाशकांकडून कुलूप नसलेली, आवृत्तीचा स्पष्ट उल्लेख असलेली प्रत मिळण्याचा हक्क त्यांना द्यावा आणि अनुदानाच्या तपासणीत अशा प्रतीला दाखल क्रमांक मान्य करावा. तोपर्यंत त्या खोक्यांची नोंद ग्रंथांत करू नये, फर्निचरात करावी.